चिमट्याच्या टोकावरचं लोखंड: चुंबकीय इलेक्ट्रॉनिक्सच्या एका प्रयोगशाळेचं प्रकरण

हे प्रकरण महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठाच्या मटेरियल सायन्स विभागात 2001 ते 2010 या काळात घडलं. ज्यांच्याभोवती ते घडलं त्या प्राध्यापक बाईंना इथे नुसतं 'मॅडम' म्हटलं आहे, कारण आम्ही सगळे त्यांना तेच म्हणायचो. विद्यापीठ, नियतकालिक, सहलेखक यांपैकी कोणाचीही ओळख दिलेली नाही. मी तेव्हा त्यांच्याकडे पीएचडी करत होते आणि या प्रकरणातलं एक मोजमाप माझ्या हातून झालं, म्हणून हे लिहिते आहे. माझ्या मते मॅडमच्या संशोधनातलं सगळ्यात मोठं काम हेच होतं. त्यांच्या बायोडेटात मात्र त्याला अर्ध्या पानाच्या एका शुद्धिपत्राएवढी जागा आहे.

पार्श्वभूमी

मॅडमची पीएचडी इथलीच, सिरॅमिक्समधली. पोस्टडॉक जर्मनीत, चुंबकीय पातळ थरांवर. 2001 च्या अखेरीला त्या परत आल्या तेव्हा हा विषय जगभर जोरात होता. 1988 मध्ये फ्रान्समध्ये आल्बेर फेर आणि जर्मनीतल्या युलिश इथे पेटर ग्र्युनबर्ग यांच्या गटांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे दाखवलं होतं, की लोखंड आणि क्रोमियमचे काही अणूंएवढ्या जाडीचे थर एकावर एक रचले की चुंबकीय क्षेत्रात त्यांचा विद्युतरोध चांगलाच घटतो. इलेक्ट्रॉनकडे विद्युतभार असतो तसा स्पिनही, म्हणजे अतिसूक्ष्म चुंबकासारखा गुण, असतो, आणि तो स्पिन थरांच्या चुंबकनाशी जुळतो की नाही यावर त्याची वाट सोपी किंवा अवघड होते. त्यानंतर नऊ वर्षांत, 1997 मध्ये, आयबीएमने या तत्त्वावर चालणारं रीड हेड, म्हणजे साठवलेली माहिती वाचणारा भाग, हार्ड डिस्कमध्ये बसवलं. प्रयोगशाळेतली गोष्ट इतक्या लवकर घराघरात पोचल्याची उदाहरणं फार नाहीत.

पण हे सगळं धातूंचं काम. पुढची ओढ होती अर्धवाहकाची. ट्रान्झिस्टर ज्या जातीच्या पदार्थाचा असतो तोच पदार्थ चुंबकीय झाला, तर गणित करणं आणि लक्षात ठेवणं ही दोन्ही कामं एकाच चिपवर करता येतील. जपानमध्ये हिदेओ ओनो यांच्या गटाने 1996 मध्ये गॅलियम आर्सेनाइडमध्ये मँगेनीज घालून असा पदार्थ बनवला, मात्र त्याचं चुंबकत्व 110 केल्व्हिनच्या, म्हणजे उणे 163 अंश सेल्सिअसच्या वर टिकत नव्हतं. मग 2000 मध्ये तोमाश डिट्ल आणि सहकाऱ्यांनी गणिताने मांडलं, की झिंक ऑक्साइड किंवा गॅलियम नायट्राइड घेतलं तर खोलीच्या तापमानालाही हे जमू शकेल.

त्या भाकिताला अटी होत्या. अशुद्धी मँगेनीजची हवी, आणि पदार्थात धन वाहक, म्हणजे 'होल', भरपूर हवेत. झिंक ऑक्साइड मुळातच ऋण वाहकांचं. त्यात होल आणणं महाकठीण. बहुतेक प्रयोगशाळांनी ही अट बाजूला ठेवली आणि मँगेनीजच्या जागी कोबाल्ट, लोह, निकेल, जे हाताशी होतं ते घालून पाहिलं. आम्हीही तेच केलं. भाकिताचा आधार सगळेजण देत होते, पण ज्या पदार्थाबद्दल ते भाकीत होतं तो पदार्थ फारच थोडे जण बनवत होते. आज मागे पाहताना मला इथे थांबावंसं वाटतं, कारण पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ या पहिल्याच पायरीवर होतं.

मॅडमनी ऑक्साइडकडे वळायचं ठरवलं त्यामागे पैशाचाही प्रश्न होता. धातूंचे थर नीट करायचे तर अतिउच्च निर्वाताचं स्पटरिंग यंत्र (आयनांच्या माऱ्याने धातूचे अणू उडवून थर बसवणारं) लागतं आणि त्याची किंमत कोटींत. विभागात लेझर डिपॉझिशनचा एक चेंबर मात्र होता, नव्वदच्या दशकात अतिवाहकांची लाट आली तेव्हा घेतलेला. झिंक ऑक्साइडची पूड स्वस्त. ती कोबाल्ट ऑक्साइडबरोबर अगेटच्या खलात तासन् तास घोटायची, दाबून गोळी करायची, हजार अंशांच्या भट्टीत भाजायची. या गोळीला आम्ही टार्गेट म्हणतो. तिच्यावर लेझरचे ठोके बसले की निळसर ज्योत उठते आणि समोरच्या सफायरच्या चकतीवर पदार्थाचा थर बसतो. चकती पाच मिलिमीटरची चौकोनी, थर शंभर नॅनोमीटरचा.

2003 मध्ये केंद्राकडून तीन वर्षांचा प्रकल्प मंजूर झाला. 2004 मध्ये पहिला लेख आला: कोबाल्ट घातलेल्या झिंक ऑक्साइडमध्ये खोलीच्या तापमानाला लोहचुंबकत्व, म्हणजे लोखंडासारखं, बाहेरचं क्षेत्र काढलं तरी टिकणारं चुंबकत्व. पहिला लेखक आमचा सिनिअर. लेखाचे संदर्भ दिले जाऊ लागले, मॅडमना परिषदांची आमंत्रणं आली आणि विभागाच्या नोटीस बोर्डावर त्या लेखाचं पहिलं पान लागलं.

अडचण कुठे होती

लेखात चार नमुन्यांचे आलेख होते. केलेले नमुने अकरा होते. उरलेल्या सातांत हिस्टेरिसिसचा लूप, म्हणजे क्षेत्र वाढवताना आणि कमी करताना चुंबकनाचे वक्र वेगळे पडून होणारा, लोहचुंबकत्वाची खूण मानला जाणारा फास, दिसला नव्हता.

हे लपवलं होतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. प्रत्येक नापास नमुन्याला कारण होतं आणि ते कारण प्रामाणिकपणे दिलेलं असायचं: ऑक्सिजनचा दाब जास्त झाला, चकतीचं तापमान कमी पडलं, टार्गेट जुनं झालं. या पदार्थांबद्दल सगळीकडे असंच बोललं जायचं. ओसाकाच्या ज्या गटाने 2001 मध्ये कोबाल्ट-झिंक ऑक्साइडबद्दल पहिल्यांदा लिहिलं, त्यांनी स्वतःच नमूद केलं होतं की दहा टक्क्यांहून कमी नमुन्यांत हा परिणाम पुन्हा मिळतो. त्यामुळे अकरात चार ही संख्या आम्हाला चांगली वाटायची. ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा, म्हणजे पदार्थात ऑक्सिजनचे अणू कमी पडून राहिलेल्या जागा, हे तर असं उत्तर होतं, की ते कुठल्याही प्रश्नाला लागू पडायचं. लूप आला तर रिकाम्या जागा आहेत, नाही आला तर त्या भरल्या गेल्या.

मोजमाप आमच्याकडे होत नसे. त्यासाठी लागणारं स्क्विड मॅग्नेटोमीटर, म्हणजे अगदी क्षीण चुंबकत्व मोजणारं यंत्र, दुसऱ्या शहरातल्या एका संस्थेत होतं. तिथे द्रव हेलियमचा प्लांट होता आणि आम्हाला दोन महिन्यांतून दोन दिवस मिळायचे. नमुने बटर पेपरच्या पुड्यांत घालून रात्रीच्या गाडीने न्यायचे. यंत्रात नमुना ठेवायला शीतपेयाची साधी प्लॅस्टिकची नळी वापरतात. तिला चिरा पाडून चकती मधोमध अडकवायची. हे सगळं चिमट्याने.

मोजमापाचं गणित एकदा नीट मांडते, कारण सगळं प्रकरण त्यावर उभं आहे. आमच्या थराचं वजन जेमतेम 14 मायक्रोग्रॅम. त्यात पाच टक्के कोबाल्ट. लेखात दिल्याप्रमाणे प्रत्येक कोबाल्ट अणूमागे 0.2 बोर मॅग्नेटॉन (अणूचं चुंबकत्व मोजायचं एकक) धरलं, तर सगळ्या थराचं चुंबकन येतं साधारण 10⁻⁵ ईएमयू (यंत्र ज्यात मोजतं ते एकक). यंत्राला हे सहज दिसतं, त्यात शंका नाही. पण खालची सफायरची चकती थरापेक्षा हजारो पट जाड. तिचा प्रतिसाद उलट दिशेचा असतो आणि एक टेस्लाच्या क्षेत्रात तो थराच्या प्रतिसादाच्या पंधरा-वीस पट भरतो. तो सरळ रेषा मानून वजा करायचा आणि उरेल ते आपलं.

आता तेवढंच चुंबकन देणारं लोखंड किती लागेल? सुमारे 46 नॅनोग्रॅम. अठरा मायक्रोमीटर बाजूचा एक कण. माणसाचा केस याच्या तिप्पट-चौपट जाड असतो. असा कण चकतीच्या कडेला चिकटला तर डोळ्याला दिसत नाही, क्ष-किरणांच्या तपासणीतही दिसत नाही. स्क्विडला मात्र दिसतो आणि पडद्यावर सुंदर लूप उमटतो, अगदी खोलीच्या तापमानाला.

याची सूचना आम्हाला मिळालेली होती. 2004 मध्ये डब्लिनच्या गटाने हाफ्नियम ऑक्साइडच्या थरांत अनपेक्षित चुंबकत्व जाहीर केलं होतं. 2005 च्या शेवटी आयबीएमच्या एका गटाने लिहिलं, की त्यांना त्या पदार्थात चुंबकत्व सापडत नाही, मात्र पोलादी चिमट्याने नमुना हाताळला की तसाच संकेत दिसतो. मॅडमनी तो लेख वाचला होता. त्याची झेरॉक्स ग्रुप मीटिंगमध्ये फिरलीही होती. 'आपल्या थरात कोबाल्ट आहे, त्यांच्यात चुंबकीय असं काहीच नव्हतं, दोन्ही गोष्टी वेगळ्या' असं म्हणून आम्ही सगळ्यांनीच तो विषय बंद केला. मीही मान डोलावली होती.

ऑगस्ट 2006 मध्ये मी एकटी मोजमापाला गेले. माझ्या आधीच्या वापरकर्त्याचा नमुना नळीतून सुटला, त्याचा स्लॉट फुकट गेला आणि मला रात्रीचे सहा तास जास्तीचे मिळाले. माझ्याकडे मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं. डबीत एक चकती होती. ती धुतली होती, चांदीच्या पेस्टने हीटरवर चिकटवली होती, तापवली होती, पण लेझर बिघडल्यामुळे तिच्यावर थर बसलाच नव्हता. वेळ वाया जाऊ नये म्हणून ती लावली.

पहाटे तीनच्या सुमारास सरळ रेषा वजा केली आणि लूप आला. 0.8 गुणिले 10⁻⁵ ईएमयू.

मी दुसरी चकती घेतली, पाकिटातून थेट, प्लॅस्टिकच्या चिमट्याने. लूप नाही. मग त्याच चकतीच्या कडा आमच्या नेहमीच्या पोलादी चिमट्याने सात-आठ वेळा पकडल्या आणि पुन्हा लावली. लूप होता. सकाळी तिथल्या रसायनाच्या प्रयोगशाळेतून थोडं पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल मागून तिच्या कडा धुतल्या. लूप गेला.

समोर असलेले पर्याय

मी परत आले तेव्हा मॅडमच्या केबिनमध्ये सिनिअरही बसला होता. त्याच्या प्रबंधाचा सिनॉप्सिस, म्हणजे सारांश, जुलैमध्येच सादर झाला होता, फेलोशिप संपली होती आणि कोरियातल्या एका विद्यापीठात त्याचं पोस्टडॉक ठरलं होतं, पदवी हातात पडण्याच्या अटीवर. मी चारही आलेख टेबलावर ठेवले. मॅडमनी ते एकाखाली एक लावले आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग मला म्हणाल्या, "आपला चिमटा आण गं." मी आणला. त्यांनी टेबलाच्या खणातून स्पीकरचा एक जुना चुंबक काढला आणि चिमट्याच्या टोकाजवळ धरला. चिमटा टक्‌कन चिकटला. स्टेनलेस म्हणून घेतलेला चिमटा. पाच वर्षांत तो चुंबकाला लावून पाहायचं आमच्यापैकी कोणालाच सुचलं नव्हतं.

त्या आठवड्यात जी चर्चा झाली तिच्यात तीन वाटा पुढे आल्या.

एक, गप्प राहून विषय बदलायचा. ही वाट आज वाचताना हलकी वाटेल, पण तेव्हा ती सगळ्यात सोयीची होती आणि या क्षेत्रातल्या अनेकांनी तीच धरली. बाहेरच्या संस्थेतल्या सहलेखकांचं मत हेच होतं. त्यांचा मुद्दा असा, की एका कोऱ्या चकतीत लूप आला म्हणून चार थरांतले लूपही खोटे ठरत नाहीत. तर्काने ते बरोबर होतं.

दुसरी वाट, नवे नमुने काळजीपूर्वक करायचे आणि जे येईल ते नव्या लेखात मांडायचं. जुन्या लेखाला हात लावायचा नाही. वाचणारा दोन्ही वाचेल आणि काय ते ठरवेल. सिनिअरला हे पटत होतं आणि त्याला दोष देता येणार नाही. त्याच्या प्रबंधातली तीन प्रकरणं त्या जुन्या लेखावर उभी होती.

तिसरी वाट, नियतकालिकाला कळवून लेखातला दावा मागे घ्यायचा. यात प्रकल्पाचं नूतनीकरण, सिनिअरची पदवी आणि मॅडमची स्वतःची बढती हे सगळंच अडकत होतं. त्या तेव्हा रीडर, म्हणजे प्रोफेसरच्या खालच्या पदावर, होत्या आणि प्रोफेसरपदाची मुलाखत पुढच्या वर्षी अपेक्षित होती.

मॅडमनी लगेच काही ठरवलं नाही. मला वाटतं हा त्यांचा सगळ्यात चांगला निर्णय होता. त्या म्हणाल्या, "आत्ता आपल्याकडे एक शंका आहे. शंकेवर लेख मागे घेता येत नाही आणि शंकेवर प्रबंधही देता येत नाही. डिसेंबरपर्यंत मोजू." सिनिअर म्हणाला, "मॅडम, माझं कोरियाचं फेब्रुवारीला आहे." त्या म्हणाल्या, "मला माहीत आहे रे." त्या दिवशी दोघंही त्यापुढे काही बोलले नाहीत.

काय केलं

आधी सगळ्या वह्या काढल्या. तोवर नमुन्यांची संख्या 34 झाली होती, लूप आलेले नऊ. कोणता नमुना कोणी लावला, कोणत्या चिमट्याने, कडेला पकडला की मधे, यातलं एकही वहीत नव्हतं. लेझरची ऊर्जा, दाब, तापमान सगळं टिपलेलं, हात मात्र टिपलेले नव्हते. त्यामुळे जुन्या नऊपैकी खरे किती हे वह्यांवरून ठरणं अशक्य होतं.

मग चार महिन्यांत बारा नवे थर केले. चिमटे प्लॅस्टिकचे आणि टायटॅनियमचे. चांदीची पेस्ट बंद, चकती यांत्रिक पकडीत धरायची. गोळी दाबायचा साचा पोलादी होता, म्हणून भाजल्यावर गोळीचा पृष्ठभाग घासून टाकायचा. प्रत्येक थराबरोबर त्याच खेपेत एक कोरी चकती, तिच्यावरही सगळे सोपस्कार, फक्त लेझर नाही. आणि मोजणाऱ्याला कळू द्यायचं नाही की नळीत थर आहे की कोरी चकती. शेवटची अट मॅडमची. पुड्यांवर नुसते आकडे असायचे आणि किल्ली त्यांच्या कपाटात.

बारापैकी दोन थरांत लूप आला. दोन्ही अगदी कमी ऑक्सिजनमध्ये केलेले. त्यांचं चुंबकन थंड करताना क्षेत्र लावून आणि न लावून मोजलं तेव्हा दोन वक्र एकमेकांपासून फुटले, जसे धातूचे अतिसूक्ष्म पुंजके असले की फुटतात. ऑक्सिजन कमी पडल्यामुळे कोबाल्ट हा झिंक ऑक्साइडच्या अणूंच्या जाळीत न बसता धातू म्हणून बाजूला जमला होता. आमच्या लेखातल्या 0.2 या आकड्यासाठी एकूण कोबाल्टपैकी आठवा भागसुद्धा धातूरूपात असला तरी पुरतो. बाकीच्या दहा थरांत कोबाल्टचे अणू आपापले सुटे होते, लोहचुंबकत्व नव्हतं.

लेखातल्या चार मूळ नमुन्यांपैकी तीन शिल्लक होते. त्यांपैकी दोन नमुने कडा धुतल्यावर, म्हणजे कडेचा पट्टा आम्लाने काढून टाकल्यावर, गप्प झाले. तिसऱ्यात कोबाल्टचे पुंजके निघाले. चौथा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी घासून संपला होता. तो एक नमुना सहलेखकांनी शेवटपर्यंत धरून ठेवला. एका बैठकीत ते म्हणाले, की तोच खरा असला तर? मॅडमनी उत्तर दिलं, "असेल. पण तो माझ्याकडे नाही, आणि माझ्याकडे नाही त्याच्यावर मी सही करणार नाही."

जानेवारी 2007 मध्ये त्यांनी संपादकांना पत्र लिहिलं. सहलेखकांची सही मिळायला तीन आठवडे लागले. पत्रात दोन कारणं स्पष्ट लिहिली होती, हाताळणीतून आलेलं लोखंड आणि कोबाल्टचे पुंजके, आणि पदार्थाच्या अंगभूत लोहचुंबकत्वाचा दावा टिकत नाही असं शेवटी म्हटलं होतं. जुलैमध्ये ते शुद्धिपत्र म्हणून छापून आलं. नोटीस बोर्डावर मूळ लेखाचं पान अजून होतं. मॅडमनी त्याच्या शेजारी शुद्धिपत्राचं पान स्वतः टाचलं.

परिणाम

सगळ्यात मोठी किंमत सिनिअरने मोजली. प्रबंधाचं शीर्षक बदललं, तीन प्रकरणं नव्याने लिहावी लागली, सादरीकरण नोव्हेंबर 2007 पर्यंत लांबलं. कोरियाची जागा गेली. फेलोशिप संपलेली असल्यामुळे मॅडमनी त्याला प्रकल्पातल्या उरलेल्या पैशातून सहा महिने प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून ठेवलं. पुढचे महिने त्याने एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवून काढले. पुढे तो सेन्सर बनवणाऱ्या एका कंपनीत लागला आणि तिथे त्याचं उत्तम चाललं आहे. पण त्या वर्षाबद्दल तो आजही फारसं बोलत नाही, आणि मी विचारत नाही.

प्रकल्पाच्या नूतनीकरणाची बैठक दिल्लीत फेब्रुवारीत झाली. समितीतल्या एकांनी विचारलं, की म्हणजे तीन वर्षांत हाती काहीच लागलं नाही का? मॅडमनी बारा थर आणि बारा कोऱ्या चकत्यांचे आलेख दाखवले आणि सांगितलं, की खोटा संकेत नेमका कुठून येतो हे हाती लागलं आहे, आणि ते देशातल्या या विषयावर काम करणाऱ्या प्रत्येक गटाला उपयोगी आहे. प्रकल्प एक वर्षासाठी मंजूर झाला. यंत्रांसाठी पैसे मिळाले नाहीत.

नकारात्मक निष्कर्षांचा सविस्तर लेख दोन नियतकालिकांनी 'नवीन काही नाही' म्हणून परत केला. तिसऱ्याने 2008 मध्ये छापला. मॅडमना प्रोफेसरपद 2010 मध्ये मिळालं, अपेक्षेपेक्षा तीन वर्षं उशिरा. मुलाखतीत शुद्धिपत्राबद्दल विचारलं गेलं होतं.

दरम्यान ऑक्टोबर 2007 मध्ये फेर आणि ग्र्युनबर्ग यांना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. मॅडम दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आल्या आणि त्याच दिवशी त्यांनी आम्हाला भौतिकशास्त्र विभागाच्या तळघरात नेलं. तिथे एक जुनं स्पटरिंग यंत्र पडून होतं, पंप गेलेला. ते मागून आणलं, पंप दुरुस्त करून घेतला आणि प्रयोगशाळा धातूंच्या थरांकडे वळली. सुरुवात निकेल-लोहाच्या परमॅलॉयने केली. चुंबकनाच्या दिशेप्रमाणे त्याचा रोध दोन-तीन टक्क्यांनी बदलतो. हा परिणाम एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे, त्यावर कोणी आमंत्रण देऊन भाषणाला बोलवत नाही. पण तो प्रत्येक नमुन्यात येतो, सोमवारी येतो तसाच गुरुवारी येतो. कोबाल्ट आणि तांब्याचे थर पुढच्या वर्षी जमले. माझा प्रबंध त्यावरच झाला. या प्रयोगशाळेतून नंतर जे विद्यार्थी बाहेर पडले त्यांच्यापैकी बरेच जण आज वाहनांमधल्या वेग आणि कोन मोजणाऱ्या चुंबकीय सेन्सरवर काम करतात.

जगाच्या पातळीवरही साधारण असंच झालं. धातूंच्या वाटेने चुंबकीय स्मृती (मेमरी चिप) 2006 मध्ये बाजारात विक्रीला आली. खोलीच्या तापमानाला चालणारा, सगळ्यांनी मान्य केलेला विरल चुंबकीय अर्धवाहक, म्हणजे थोडे चुंबकीय अणू मिसळलेला अर्धवाहक, मात्र त्या लाटेतून हाती आला नाही. गॅलियम मँगेनीज आर्सेनाइडची मजल सुमारे 200 केल्व्हिनपर्यंत गेली.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली गोष्ट कोरी चकती. 2003 मध्ये पहिल्याच खेपेला एक कोरी चकती सगळ्या सोपस्कारांतून नेऊन मोजली असती तर हे प्रकरण झालंच नसतं. ती का मोजली नाही, तर स्क्विडचे दोन दिवस मिळायचे आणि त्यांत कोऱ्या चकतीवर तीन तास घालवणं उधळपट्टी वाटायची. यंत्र स्वतःचं नसतं तेव्हा पहिला बळी तपासणीचा जातो. ज्या विद्यापीठांना आजही दुसरीकडे जाऊन मोजावं लागतं त्यांनी स्लॉट मागतानाच कोऱ्या नमुन्यांचा वेळ धरून मागावा, आणि स्लॉट देणाऱ्यांनी तो विचारून द्यावा.

दुसरी, सात नापास नमुने. ते लेखात एका ओळीत जरी आले असते, अकरापैकी चार असं, तरी वाचणाऱ्याला वजन करता आलं असतं. ओसाकाच्या गटाने ते लिहिलं होतं, आम्ही लिहिलं नाही. मॅडमना नंतर सगळ्यात जास्त हेच लागलं. त्या म्हणायच्या की चिमटा ही चूक होती, पण सात नमुने सोडून देणं हा निर्णय होता.

तिसरी, 2005 चा तो आयबीएमचा लेख. झेरॉक्स फिरवली त्याच दिवशी चिमटा चुंबकाला लावायला एक मिनिट लागलं असतं. आमचा पदार्थ वेगळा आहे हे खरं होतं, पण चिमटा तर तसाच होता.

चौथ्या मुद्द्यावर माझं आणि मॅडमचं एकमत नाही. ऑगस्टमध्ये कोरियातल्या प्राध्यापकांना लगेच पत्र लिहून परिस्थिती सांगायला हवी होती, असं मला वाटतं. मॅडमचं म्हणणं, शंका पक्की होण्याआधी बाहेर बोलणं सिनिअरच्याच अंगाशी आलं असतं. शेवटी त्यांना जानेवारीत कळवलं गेलं आणि तोवर त्यांनी दुसरा उमेदवार पाहिला होता. मार्गदर्शकाची चूक निस्तरताना विद्यार्थ्याचं वर्ष जात असेल तर त्या वर्षाच्या पगाराची सोय त्याच दिवशी, इतर कुठल्याही पत्राच्या आधी व्हायला हवी. तेव्हा तशी कुठलीच तरतूद नियमांत नव्हती. मॅडमनी पुढे प्रोफेसर झाल्यावर विभागाच्या समितीत हा विषय दोनदा मांडला. दुसऱ्या वेळी प्रबंध सुधारण्यासाठी सहा महिन्यांची मुदतवाढ आणि त्या काळात विभागाच्या निधीतून मानधन, एवढं मंजूर झालं.

मॅडम काही वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. केबिन रिकामी करायला मी गेले होते. खणात तो स्पीकरचा चुंबक होता आणि त्याला तो चिमटा चिकटलेलाच होता. त्यांनी दोन्ही एका पाकिटात घालून नव्याने रुजू झालेल्या सहायक प्राध्यापकाच्या हातात दिलं आणि त्याला विचारलं, "तुमच्या पहिल्या खेपेत कोऱ्या चकत्या किती धरल्या आहेत?"